गहाणखताची मिती

आमच्या घरीं 'शेअर' हा शब्द मोठ्यानें उच्चारीत नसत. वर्तमानपत्रांतील बाजारभावांचें पान वडील घडी करून बाजूस ठेवीत, तें कां, हें लहानपणीं आम्हांस कळत नसे. पुढें आत्येकडून कळलें. आमचे खापरपणजोबा मुंबईस कापसाच्या एका पेढीवर कारकून होते. अमेरिकेंतील लढाई संपली, कापूस कोसळला, पेढीचें दिवाळें वाजलें आणि त्यांचा आठ महिन्यांचा पगार बुडाला. ते रिकाम्या हातानें गलबतांतून गांवीं उतरले तेव्हां खालच्या घरच्या सावकारानें त्यांची अडचण पाहून चौसोपी घरामागची नारळी-पोफळीची बाग लिहून घेतली. "साहेबाची लढाई साहेबानें केली नि बाग गेली आपली," असें आत्या म्हणे. साहेबास बोल लावून आतां कांहीं उपयोग नव्हता. तो केव्हांच गेला होता. खालचें घर मात्र हांकेच्या अंतरावर होतें. त्या घरचें पाणी आमच्या घरांतील बायका दीडशें वर्षें प्याल्या नाहींत.

ही कहाणी आम्हीं केवळ ऐकलेली नाहीं. वर्गांत सांगितलेलीही आहे. आज पंचविसांहून अधिक वर्षें आम्ही इतिहास शिकवीत आहों. साम्राज्याच्या अर्थकारणाचें प्रकरण आलें कीं मुलें जांभया देऊं लागतात. अशा वेळीं लिव्हरपूलच्या बाजारांतील एक पेन्स आणि कोंकणांतील एक नारळाचें झाड यांची गांठ घालून दाखविली म्हणजे वर्ग जागा होतो. तेव्हां कहाणी खरी कीं खोटी, हा प्रश्न आमच्या मनांत कधीं आला नाहीं. जी उपयोगी पडते ती खरीच असली पाहिजे, असें शिक्षकास फार लवकर वाटूं लागतें.

गेलीं कांहीं वर्षें उन्हाळ्याच्या सुटींत आम्ही मुंबईस जातों, तें काळ्या घोड्याजवळच्या दप्तरखान्यांत बसण्यासाठीं. मुंबई सरकारचा हा दप्तरखाना १८२१ सालीं स्थापन झाला. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतींत तो आहे. खातेवार आणि वर्षवार बांधलेल्या जिल्दी, तपकिरी पडलेली शाई, हात लावतांच झडणाऱ्या कडा, आणि पान उलटलें कीं नाकांत जाणारा शंभर पावसाळ्यांचा वास! सरकारी कागद वाचण्याची संवय लागली म्हणजे कादंबऱ्या फिक्या वाटूं लागतात. पत्र कितीही कठोर असो, शेवटीं लिहिणारा स्वतःस आज्ञाधारक सेवक म्हणवितो. आणि तोच सेवक मधल्या परिच्छेदांत मोठ्या नम्रपणानें दुसऱ्या सेवकाचा गळा कापीत असतो. आमचा मूळ उद्देश खापरपणजोबांचा शोध घेण्याचा नव्हता. युद्धानंतर मुंबई बंदराचें काय झालें, तें सरकारच्या शब्दांत वाचावें, इतकाच होता.

काय झालें, तें बहुतेक वाचकांस स्थूलमानानें ठाऊक असेल. १८६१ च्या एप्रिलांत अमेरिकेंत उत्तर व दक्षिण यांच्यांत युद्ध जुंपलें आणि उत्तरेच्या आरमारानें दक्षिणेचीं बंदरें कोंडलीं. लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकीं सुमारें चार-पंचमांश तेथूनच जात असे. आपल्याकडील आंखूड धाग्याचा कापूस, ज्याला ते लोक 'सुरती' म्हणत आणि म्हणतांना नाकें मुरडीत, तो १८६० सालीं लिव्हरपुलांत पौंडास पांच पेन्सच्या आसपास होता. १८६४ च्या उन्हाळ्यांत तो वीस पेन्सच्याही वर गेला. खानदेश, वऱ्हाड, गुजराथ, धारवाड, जेथून मिळेल तेथून गांसडी मुंबईकडे धांवूं लागली. बोरघाटांतून आगगाडी १८६३ सालीं वर गेली होती. बाकीचा माल बैलगाडीनें आणि पडावांनीं येई. लोकांनीं गाद्या उसवून त्यांतला कापूस विकावयास नेला असें सांगतात. भाव पाहिले म्हणजे तें अशक्य वाटत नाहीं. त्या पांच वर्षांत मुंबईस कापसाच्या किंमतीबद्दल नेहमीपेक्षां आठ कोटी दहा लक्ष पौंड अधिक मिळाले, असा त्या काळचा अंदाज आहे आणि पुढच्या ग्रंथकारांनीं तोच चालविला आहे.

हा सारा कापूस कुलाब्याच्या मैदानावर येऊन पडे. आजच्या कॉटन ग्रीन स्टेशनाशीं त्या जागेचा संबंध नाहीं. तें नांव पुढें शिवडीस गेलेल्या बाजाराचें. कुलाब्यास गांसड्या मोजण्याचें काम आमच्या खापरपणजोबांकडे होतें, असें घरीं सांगत. महिना पंधरा-वीस रुपये पगाराचा, धोतर-पगडींतला, इंग्रजी आंकडे लिहूं शकणारा असा तो मनुष्य भर उन्हांत त्या पांढऱ्या डोंगरांमधून हिंडतांना आमच्या डोळ्यांपुढें अनेकदां उभा राहिला आहे. ज्या वस्तूचा भाव दर टपालाला चढतो, ती दिवसभर मोजावयाची आणि संध्याकाळीं चाळींत भात शिजवून खावयाचा, ही मोठी कठीण तपश्चर्या असली पाहिजे.

कारण एव्हांना शहर कापसावरून कागदावर गेलें होतें. १८६५ च्या आरंभीं मुंबईंत ३१ बँका, १६ वित्तसंस्था, ८ जमीन-कंपन्या, १६ कापूस दाबण्याच्या कंपन्या, १० जहाज-कंपन्या, २० विमा-कंपन्या आणि शिवाय ६२ इतर कंपन्या होत्या. दहा वर्षांपूर्वीं यांतल्या बहुतेक वर्गांत एक-दोन नांवेंही मुष्किलीनें सांपडलीं असतीं. समुद्र बुजवून जमीन करण्याच्या बॅकबे कंपनीच्या पांच हजार भरलेल्या शेअराची किंमत पन्नास हजारांच्या घरांत गेली. गंमत ही कीं, लोकांना संयम शिकविणाऱ्या मुंबई सरकारनें स्वतःच त्या कंपनीचे चारशें शेअर घेण्याचा बेत केला होता. हिंदुस्थान सरकारनें तो मोडला. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकीर्दींत किल्ल्याचे तट पाडून शहर मोकळें झालें, हें त्यांचें मोठें काम आम्ही नाकारीत नाहीं. पण त्या दिवसांचीं सरकारी पत्रें वाचतांना वाटतें कीं, तटाबरोबर आणखीही कांहीं पाडलें गेलें असावें.

गोविंद नारायण माडगांवकर यांचें 'मुंबईचें वर्णन' १८६३ सालीं, ऐन भरतीच्या वेळीं, प्रसिद्ध झालें. ग्रंथकार १८६५ सालीं वारले. ज्या शहराचें वर्णन आपण केलें तें पुढें कसें ओहोटीला लागलें, हें पाहण्याचा प्रसंग त्यांजवर फारसा आला नाहीं, याचें आम्हांस एक प्रकारें बरें वाटतें.

९ एप्रिल १८६५ रोजीं दक्षिणेचा सेनापति ली शरण आला. बातमी मुंबईस पोंचावयास आणखी आठवडे लागले. पण तहाच्या वावड्या त्यापूर्वींच उठत होत्या आणि भाव डगमगूं लागले होते. मे महिन्यांत मोठीं दिवाळीं निघूं लागलीं. १ जुलै हा वायद्यांच्या हिशेबाचा दिवस होता. त्या दिवशीं ज्यानें त्यानें दुसऱ्याकडे बोट दाखविलें, आणि बोट दाखविलेला मनुष्य आधींच बुडालेला निघाला. नादारांची संख्या इतकी वाढली कीं, त्यांच्यासाठीं १८६५ चा अठ्ठाविसावा कायदा निराळा करावा लागला. १८६६ च्या मेमध्यें लंडनची ओव्हरेंड-गर्नी पेढी कोसळली आणि येथें जें कांहीं तग धरून होतें तेंही गेलें. सरकारचे स्वतःचे शेअर व स्वतःचे नेमलेले डायरेक्टर ज्या बँकेंत होते, ती बाँबे बँकही १८६८ सालीं गुंडाळावी लागली.

त्या बँकेच्या चौकशीसाठीं सर चार्लस जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखालीं कमिशन बसलें. त्याच्या साक्षी आम्हीं एका उन्हाळ्यांत सलग वाचल्या. प्रश्नाला क्रमांक, उत्तराला तोच क्रमांक. मोठमोठे सद्गृहस्थ येतात आणि आपणांस आठवत नाहीं असें शपथेवर सांगतात. १८६३ च्या कायद्यानें शेअरांच्या तारणावर कर्ज देण्याची मोकळीक मिळाली, तेथून घसरण सुरू झाली. पुढें चिटणीस दुबळे, डायरेक्टर बेफिकीर, आणि प्रेमचंद रायचंद यांचा शब्द हेंच तारण! कमिशननें दोष वांटून दिले आहेत, आणि सरकारच्या वांट्यासही थोडे घातले आहेत. तरीही संपूर्ण अहवाल वाचून मनावर ठसा राहतो तो असा, कीं काळच मोठा विलक्षण होता, त्याला कोण काय करणार? विद्यापीठाच्या कामासाठीं आम्ही फोर्टांत जातों तेव्हां राजाबाई टॉवरचे ठोके कानीं पडतात. प्रेमचंदांनीं तें दान १८६४ सालीं, संपत्तीच्या शिखरावर असतांना दिलें. मनोरा पुरा झाला १८७८ सालीं, ते शिखर जाऊन एक तप लोटल्यावर. दान टिकलें, देणाऱ्याची बँक टिकली नाहीं. असो.

या सर्व कागदांत आमच्या खापरपणजोबांचें नांव आम्हांस सांपडलें नाहीं. सांपडेल अशी अपेक्षाही नव्हती. सरकारी दप्तरांत शिरावयाचें तर मनुष्यानें एक तर फार मोठी रक्कम बुडवावी, नाहीं तर फौजदारी गुन्हा करावा. पगार बुडालेल्या कारकुनास तेथें जागा नसते. मात्र एका ठिकाणीं ते भेटले असें आम्हांस वाटलें. १८६४ सालीं मुंबईची गणती झाली, ती ८,१६,५६२. १८७२ सालीं झाली, ती ६,४४,४०५. पहिल्या आंकड्यावर आमचा पूर्ण विश्वास नाहीं, कारण ऐन तेजींत आलेल्या-गेलेल्या माणसांची ती मोजदाद होती. पण अगदीं हात राखून धरलें तरी लाख-दीड लाख माणसें त्या आठ वर्षांत शहरांतून नाहींशीं झालीं. कांहीं मेलीं असतील. बहुतेक घाटावर नाहीं तर गलबतांत बसून कोंकणांत परत गेलीं. त्या वजाबाकींत एक आमचा.

बंदर मात्र पुढें सांवरलें, आणि फार लवकर. १८६९ सालीं सुएझचा कालवा खुला झाला. एल्फिन्स्टन कंपनीनें बांधलेले धक्के आणि बुजविलेली जमीन सरकारनें विकत घेतली. १८७३ सालीं पोर्ट ट्रस्ट निघाला. बुडालेल्या लोकांच्या पैशानें भरलेल्या जमिनीवर नवीन बंदर उभें राहिलें. ही हकीकत सरकारी अहवालांत समाधानाच्या सुरांत सांगितलेली असते, आणि त्यांत लबाडी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. बंदराच्या बाजूनें पाहिलें तर ती समाधानाचीच आहे.

गेल्या वर्षीं गांवच्या घराचें छप्पर उतरविलें. माळ्यावर एक पत्र्याची पेटी निघाली, तींत वाळवीपासून वांचलेले दहा-बारा मोडी कागद होते. मोडी आम्ही उतारवयांत शिकलों. म्हणून प्रथम स्वतः वाचले, आणि जें वाचलें त्यावर विश्वास न बसल्यामुळें एका जाणत्या मित्राकडून पुन्हां वाचवून घेतले.

त्यांतला एक कागद म्हणजे बागेच्या गहाणखताची नक्कल. मिती: शके १७८६, रक्ताक्षी नाम संवत्सरे, फाल्गुन वद्य पंचमी. रुपये सातशें, मुदत दोन वर्षें. कारण: मुंबईस कंपणीचे भाग घेणेंकरितां.

हा कागद वाचून आम्ही बराच वेळ नुसते बसून राहिलों. फाल्गुन वद्य पंचमी म्हणजे १८६५ चा मार्च. त्या दिवशीं अमेरिकेंतली लढाई चालू होती. कोणतीही पेढी बुडालेली नव्हती, कोणाचा पगार थकलेला नव्हता. आमच्या खापरपणजोबांनीं बाग गमावली ती बुडाल्यावर नव्हे. बुडण्यासाठीं म्हणून त्यांनीं ती स्वतः गहाण टाकली. बॅकबेचा शेअर त्यांना परवडण्यासारखा नव्हता, पण लहान माणसांसाठीं लहान कंपन्या निघालेल्या होत्याच. ज्या मिती, ज्या तारखा आम्ही दप्तरखान्यांत बसून सरकारच्या तोंडावर फेंकण्यासाठीं टिपून घेतल्या होत्या, त्या अशा रीतीनें आमच्याच अंगावर आल्या.

दुसरा कागद त्याहून वाईट. तो खालच्या घरच्या सावकारानें त्याच वर्षीं पौषांत मुंबईस लिहिलेलें पत्र. भाषा अदबीची. आपण सांगितल्यावरून आपणाकडे पांचशें रुपये पाठविले, त्यांचे भाग घेतले किंवा कसें, आणि घेतले असल्यास कागद कोणत्या गलबताबरोबर पाठवितां, अशी पृच्छा. म्हणजे त्यालाही त्या नादीं लावलें होतें तें आम्हीच! तो आमच्या शब्दावर बुडाला, वर त्यानें सातशें रुपये कर्जाऊ दिले. तिसरा कागद शके १७९३ चा, बागेचा कबजा दिल्याचा. गहाणाची मुदत टळून चार वर्षें झालेलीं, आणि मधल्या काळाचें व्याज सोडल्याचा स्पष्ट उल्लेख त्यांत आहे.

पेढीचा पगार बुडाला हें खरें असेल. त्याविरुद्ध आमच्याजवळ पुरावा नाहीं. पण कहाणींतून नेमका कोणता भाग गळाला, तें पाहण्यासारखें आहे. लोभ आमचा होता, तो गळाला. उरलें काय, तर साहेबाची लढाई आणि सावकाराची बाग. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांत सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांच्या वह्या जाळल्या, तेव्हां बसलेल्या दंगा-कमिशननें कापसाच्या तेजींत वाढलेली पत आणि मंदींत आंवळलेला फांस यांची साखळी नीट दाखविली. वाढविलेल्या साऱ्याचाही उल्लेख केला; परंतु पुढें १८७९ सालीं जो कायदा झाला तो शेतकरी आणि सावकार यांच्या व्यवहारापुरता झाला, साऱ्याला धक्का लागला नाहीं. हें प्रकरण शिकवितांना आम्ही नेहमीं थोडें हंसून म्हणत असूं कीं, सरकारला सावकार बरा सांपडला. आतां तें हंसूं येत नाहीं. सरकारी कागद राज्यकर्त्यांच्या सोयीनें लिहिलेला असतो, त्यावर डोळे मिटून भरंवसा ठेवूं नये, असें आम्हीं पिढ्यान्पिढ्या विद्यार्थ्यांना बजावलें. आत्येच्या तोंडच्या कहाणीवर मात्र डोळे मिटून भरंवसा ठेवला. तीही कोणाच्या तरी सोयीनें रचलेलीच होती. गांवीं परतलेल्या त्या माणसाला बायको-पोरांना कांहीं तरी सांगणें भागच होतें. आम्ही त्याच्या जागीं असतों तर निराळें सांगितलें असतें, अशी बढाई आमच्यानें मारवत नाहीं. शहाण्या डायरेक्टरांनींही शपथेवर आठवत नाहीं असेंच सांगितलें होतें.

आत्येला हें वाचून दाखवावें कीं नाहीं, याचा आम्हीं दोन महिने विचार केला. ती एकोणनव्वद वर्षांची आहे. दृष्टि मंद झाली आहे, कान शाबूत आहेत. शेवटीं गणपतीच्या सुटींत एका दुपारीं तिच्याजवळ बसून तिन्ही कागद वाचले. तिनें मध्यें एकदांही अडविलें नाहीं.

"मिती पुन्हां वाच," ती म्हणाली. आम्हीं वाचली.

"म्हणजे शिमग्यानंतरची. आणि लढाई केव्हां संपली म्हणालास?"

"चैत्रांत. हनुमानजयंतीच्या एक-दोन दिवस आधीं."

ती बोटांवर कांहीं मोजीत राहिली. तिथीच मोजीत होती, कीं आपल्या आईच्या, आजीच्या पिढ्या, कोण जाणे. मग म्हणाली, "माझ्या आईला दिवस गेले होते तेव्हां विहीर आटली होती. खालच्यांनीं पाणी न्या म्हणून निरोप धाडला. आई नदीवरून घागरी आणीत राहिली. तें मूल राहिलें नाहीं." ही गोष्ट आम्हीं पूर्वीं कधीं ऐकली नव्हती. ती कोणत्याही दप्तरांत नाहीं, आणि आमच्या वर्गांत सांगावयाच्या कहाणींतही नव्हती.

आम्ही कागद घडी करून पेटींत ठेवूं लागलों, तेव्हां तिनें विचारलें, "त्यांच्याकडे असतील कां रे ह्यांचीं उत्तरें?"

असतील. सावकाराचें घर तें; कागद जपणारीं माणसें. आमच्या खापरपणजोबांनीं पौषापूर्वीं काय लिहून त्या मनुष्याला पांचशें रुपये पाठवावयास लावले, आणि आषाढांत काय लिहिलें, तें तेथेंच मिळालें तर मिळेल. इतिहासाच्या अध्यापकास हा मोह मोठा आहे. परंतु तीं मागावयास जावयाचें म्हणजे आधीं त्यांच्या ओटीवर बसावें लागणार, आणि कां आलों तें सांगावें लागणार.

आत्येला हें न सांगतां कळलें असावें. "जा," ती म्हणाली, "आणि त्यांनीं पाणी पुढें केलें तर नको म्हणूं नको."

त्याला आतां चार महिने झाले. मुंबईच्या कापसाचें प्रकरण यंदा वर्गांत आम्हीं अद्याप घेतलेलें नाहीं, आणि खालच्या घरींही अजून गेलों नाहीं.